वाट पाहायची

शेवट आधीच सांगून टाकते, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. १८ मे २०१२ रोजी परळी वैजनाथला एक बाई गेली. वय २८. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात दुसरी गेली. वय ३१. दोघींच्या मधे १६३ दिवस. पहिलीचा गर्भपात कायद्याने व्हायला नको होता, तो झाला. दुसरीचा व्हायला हवा होता, तिने तो मागितला, आणि तो झाला नाही.

मी अंबाजोगाईची. परळी आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. आमच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, असं गावात सांगतात. वऱ्हाड वेळेत पोचलं नाही, मुहूर्त टळला, वऱ्हाडी होते तिथे दगड झाले आणि देवी कुमारिका राहिली. वेळ टळली की काय होतं, हे आमच्याकडे लहानपणीच कानावर पडतं.

१ एप्रिल १९७२

वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा देशात लागू झाला. ठरलेल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त ठिकाणी, २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी. नवऱ्याची सही या कायद्याने कधीच मागितलेली नाही. हे वाक्य पुढे लागणार आहे.

१९८८

गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ ला आला. कागद वेळेवर तयार होते.

२०१०

परळीतल्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यावर साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने सापळा लावला. प्रकरण कोर्टात गेलं. दवाखाना चालूच राहिला.

२०११

जनगणना. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ८९४ होता. राज्यात सगळ्यात कमी आमच्या जिल्ह्यात. आकडा पेपरात पहिल्या पानावर आला. ज्या घरांतून तो आला होता, त्या घरांतही तो वाचला गेला.

६ मे २०१२, रविवार, सकाळी ११

दूरदर्शनवर आणि खासगी वाहिन्यांवर एकाच वेळी 'सत्यमेव जयते'चा पहिला भाग लागला. विषय स्त्रीभ्रूणहत्या. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे वीज होती, त्या सगळ्यांनी पाहिला. माझी आजी पदराने डोळे पुसत होती. १२ दिवस उरले होते.

१८ मे २०१२, शुक्रवार

धारूर तालुक्यातली बाई. पदरी चार मुली. पाचवी खेप, दिवस पाच-सहा महिन्यांचे. पोटात मुलगी आहे असं कळल्यावर तिला परळीला आणलं होतं. 'आणलं होतं' हेच क्रियापद त्या दिवसांत सगळे वापरत होते. ती आली, असं कोणी म्हणत नव्हतं. गर्भपात करताना ती मुंडेंच्या दवाखान्यात मरण पावली.

डॉ. सुदाम मुंडे आणि त्यांच्या पत्नी डॉ. सरस्वती मुंडे यांना अटक झाली, जामीन झाला, आणि दोघं फरार झाले. राज्यभर शोध सुरू झाला. जूनमध्ये ते परळीच्या कोर्टात शरण आले.

त्या उन्हाळ्यात अंबाजोगाईत दुसरा विषय नव्हता. बसस्टँडवर, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत परळीच. डॉक्टरांना शिव्या होत्या, नवऱ्याला शिव्या होत्या. तिला स्वतःला काय हवं होतं, असं मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. मीही विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर २०१२, मंगळवार

घटस्थापना. जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. दसरा झाला की कोयते बांधून माणसं निघतात. सांगली, कोल्हापूर, आणि सीमेपलीकडे बेळगाव. बेळगाव म्हणजे आमच्यासाठी उसाच्या फडाचं नाव.

त्याच बेळगावची सविता हलप्पनवार. दंतवैद्य. इंजिनिअर नवऱ्यासोबत, प्रवीणसोबत, गॉलवेत राहणारी. तिथल्या भारतीय मुलांची दिवाळीची नाचगाणी बसवणारी. पहिलटकरीण, सतरा आठवड्यांची. आई-वडील बेळगावहून लेकीकडे आलेले.

२१ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९.३५. अंबाजोगाईत दुपारचे २.०५

कंबर दुखते म्हणून ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात गेली. तपासून घरी पाठवलं.

दुपारी ३.३०. अंबाजोगाईत रात्रीचे ८

ती परत आली. खाली काहीतरी सरकतंय असं तिने सांगितलं. तपासणीत दिसलं की गर्भपिशवीचं तोंड उघडलं आहे आणि पाण्याची पिशवी बाहेर डोकावते आहे. हा गर्भ टिकणार नाही, हे डॉक्टरांना त्याच तासाला कळलं. तिलाही सांगितलं. ती रडली.

दाखल करून घेतलं. रक्त तपासायला गेलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, १६.९. शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग सुरू झाला असावा, याची ही पहिली खूण. तो कागद वेळेत कोणी पाहिला नाही.

उपचाराचा बेत एका ओळीचा होता. वाट पाहायची.

२२ ऑक्टोबर, सोमवार, रात्री १२.३०. अंबाजोगाईत पहाटेचे ५

जोराची उलटी झाली आणि पाण्याची पिशवी फुटली. आता गर्भ आणि बाहेरचं जग यांच्यात पडदा राहिला नाही. या क्षणापासून जंतूंना वाट मोकळी असते. वैद्यकीचं पुस्तक उघडलेल्या कोणालाही हे माहीत असतं, आणि सविता स्वतः डॉक्टर होती.

आमच्याकडे अष्टमी उजाडत होती. काकडआरतीला बायका देवळाकडे निघालेल्या.

सकाळी ८.२०

प्रमुख डॉक्टरांची फेरी. गर्भाचे ठोके सुरू होते. बेत तोच. वाट पाहायची.

रुग्णालयाचा स्वतःचा नियम होता की अशा बाईचा ताप, नाडी, रक्तदाब दर चार तासांनी पाहायचा. पुढच्या दोन दिवसांत तो नियम पाळला गेला नाही. चौकशी झाली तेव्हा त्या तक्त्यातले मोकळे रकाने मोजावे लागले.

रात्री १०

तोंडावाटे प्रतिजैविक सुरू झालं, इरिथ्रोमायसिन. पिशवी फुटून साडेएकवीस तास झाले होते.

२३ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ८.२०. अंबाजोगाईत दुपारचे १२.५०

फेरीच्या वेळी सविताने विचारलं. बाळ वाचणारच नसेल तर हे संपवता येणार नाही का? प्रवीणचं म्हणणं, त्यांनी सोमवारीही विचारलं होतं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मंगळवारी. मंगळवारबद्दल दुमत नाही.

उत्तर मिळालं की या देशात, या परिस्थितीत, कायद्याने ते करता येत नाही. गर्भाचे ठोके आहेत, आणि तिच्या जिवाला धोका आहे असं आत्ता दिसत नाही.

तिथली राज्यघटना १९८३ च्या दुरुस्तीने न जन्मलेल्या जिवाला आईच्या बरोबरीचा हक्क देत होती. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात, आईच्या जिवाला खरा धोका असेल तर गर्भपात करता येईल असं म्हटलं. धोका किती वाढला म्हणजे 'खरा', हे कायद्यात लिहायचं काम संसदेचं होतं. वीस वर्षं ते झालं नाही. म्हणून मंगळवारी सकाळी एका डॉक्टरला खाटेशी उभं राहून ठरवावं लागलं की ही बाई अजून पुरेशी मरणाजवळ आलेली नाही.

हे वाक्य लिहिताना हात थांबला. पण त्याहून मऊ शब्दांत ते लिहिता येत नाही.

त्याच दिवशी

सविता एका वरिष्ठ परिचारिकेला म्हणाली, मी हिंदू आहे, आमच्याकडे हे करता आलं असतं. परिचारिकेने समजावलं की हा कॅथलिक देश आहे, म्हणून इथे असं आहे. तिला दुखवायचं नव्हतं. पुढे मृत्यूच्या चौकशीत कोर्टापुढे तिने ते बोलल्याचं कबूल केलं आणि दिलगिरीही व्यक्त केली.

'आमच्याकडे हे करता आलं असतं.' कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे सविताचं बरोबर होतं. सतरा आठवडे, आईला धोका, चाळीस वर्षांपासूनचा कायदा. तिला बेळगावात बहुधा कोणी अडवलं नसतं. ती शिकलेली होती, डॉक्टर होती, इंग्रजीत विचारू शकत होती, नवरा शेजारी उभा होता. धारूरच्या बाईकडे यातलं काय होतं, हे मी पुढची दहा वर्षं मोजत राहिले.

तिचे आई-वडील त्या दिवशी भारताच्या परतीच्या वाटेवर होते. लेक दवाखान्यात आहे, दुःखात आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. जिवाची काळजी करावी असं कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ७. अंबाजोगाईत रात्रीचे ११.३०

नाडी ११४. हे डॉक्टरांना सांगितलं, असं एका परिचारिकेचा जबाब. मला सांगितलं नाही, असं डॉक्टरांचा. आकडा तक्त्यावर लिहिलेला होता.

खंडेनवमी संपत आली होती. आमच्याकडे दिवसभर कोयते, विळे, शिलाई मशीन, ट्रॅक्टर धुऊन त्यांना कुंकू लावलं होतं.

२४ ऑक्टोबर, बुधवार, पहाटे ४.१५. अंबाजोगाईत सकाळचे ८.४५

सविता थंडीने कुडकुडत उठली. दात वाजत होते. प्रवीणने परिचारिकेला बोलावलं. खोली गार होती. तिला पांघरूण दिलं, पॅरासिटामॉल दिली. ताप ३७.७ अंश सेल्सिअस. नाडी पाहिली गेली नाही.

हुडहुडी भरणं आणि खोली गार असणं, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. त्यातलं सोपं कारण धरलं गेलं. एक घोंगडी पांघरली आणि सव्वादोन तास गेले.

सकाळी ६.३०. अंबाजोगाईत ११

ताप ३९.६. नाडी १६०. रक्तदाब खाली आलेला. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास. तरुण डॉक्टरने गर्भाशयात संसर्ग झाल्याचं ओळखलं, प्रतिजैविकं वाढवली, वासाची नोंद कागदावर केली. रक्तातलं लॅक्टेट तपासायचं होतं, ज्यावरून संसर्ग किती खोल गेला ते कळतं. ती तपासणी झाली नाही.

सकाळी ८.२५

प्रमुख डॉक्टरांची फेरी. घाण वासाची ओळ त्यांच्यापर्यंत पोचली नाही. कागद खाटेजवळच होता. ती ओळ वाचली असती तर त्याच वेळी निर्णय घेतला असता, असं त्यांनी पुढे कोर्टापुढे सांगितलं. गर्भाचे ठोके अजून सुरू होते.

दुपारी १.२०. अंबाजोगाईत संध्याकाळचे ५.५०

रक्तदाब कोसळलेला. रक्तात जंतू पसरले होते. आता जिवाला धोका आहे हे निश्चित झालं. प्रमुख डॉक्टरांनी एका सहकारी डॉक्टरांशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेतला. ठोके असोत वा नसोत. ज्या गोष्टीला मंगळवारी सकाळी नाही म्हटलं होतं, तिला २९ तासांनी होकार मिळाला. तोवर यंत्रावर पाहिलं तर ठोके थांबले होते.

आमच्याकडे दसरा होता. माणसं सीमोल्लंघनाला निघाली होती, हातात आपट्याची पानं.

दुपारी ३.१५. अंबाजोगाईत संध्याकाळचे ७.४५

शस्त्रक्रियागृहात मोठ्या शिरेत नळी घालायची तयारी चालू असताना गर्भ आपोआप बाहेर आला. मुलगी होती.

मी ही ओळ बातमीत वाचली तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचली. मुलगी होती. परळीतही मुलगी होती.

२५ ऑक्टोबर, गुरुवार, पहाटे ३

अतिदक्षता विभाग.

२८ ऑक्टोबर, रविवार, रात्री १ वाजून ९ मिनिटं

सविता गेली. ई. कोलाय हा जंतू, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा, रक्तात पसरून. रविवारी सकाळी कंबर दुखते म्हणून ती आली होती, त्याला साडेसहा दिवस झाले होते. त्याच रात्री आयर्लंडमधली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे घेतली गेली.

१४ नोव्हेंबर २०१२, बुधवार

बातमी 'आयरिश टाइम्स'मध्ये छापून आली आणि जगभर गेली. आमच्याकडे दिवाळीचा पाडवा. संध्याकाळी टीव्हीवर बेळगावचं घर दिसलं, आई-वडील दिसले.

घरात जमलेली माणसं आयर्लंडवर संतापली. एवढा पुढारलेला देश आणि बाईला मरू देतो? आपल्याकडे बघा, एकाहत्तरचा कायदा. माझे एक काका हे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांच्या धाकट्या सुनेला तीन मुलींनंतर मुलगा झालेला होता. मधली दोन वर्षं ती माहेरी वारंवार 'तब्येतीसाठी' का जात होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आम्ही फराळाची ताटं फिरवत राहिलो.

मला तो संताप खोटा वाटत नाही. परळीला सहाच महिने झाले होते आणि तरी तो समुद्रापलीकडच्या बाईसाठी सहज वर आला, कारण तिथे दोष द्यायला धर्म होता, कायदा होता, गोरे डॉक्टर होते. आपल्याकडे दोष द्यायचा तर ताटं फिरवणाऱ्यांना द्यावा लागला असता.

पुढचे दिवस, भराभर

एप्रिल २०१३. गॉलवेत मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने एकमताने ठरवलं की हा वैद्यकीय दुर्घटनेतून ओढवलेला मृत्यू आहे. प्रसूतितज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलन यांनी साक्ष दिली की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा जगली असती. मग चौकशी समितीने वाचवण्याच्या हुकलेल्या संधी मोजल्या. तेरा.

२५ मे २०१८. आयर्लंडमध्ये सार्वमत. ६६.४ टक्के लोकांनी १९८३ ची दुरुस्ती रद्द करायला कौल दिला. डब्लिनमध्ये भिंतीवरच्या सविताच्या चित्राला लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून.

फेब्रुवारी २०१९. बीडच्या सत्र न्यायालयाने दोन्ही डॉक्टरांना आणि मेलेल्या बाईच्या नवऱ्याला दहा दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

सप्टेंबर २०२०. जामिनावर सुटलेले सुदाम मुंडे परळीत पुन्हा रुग्ण तपासताना सापडले. करोनाच्या दिवसांत छापा पडला.

दरम्यान आमच्याकडे आणखी एक गोष्ट घडली होती, तिची बातमी झाली नाही. २०१२ नंतर औषध दुकानांवर छापे सुरू झाले. गर्भपाताच्या गोळ्या कोणाला विकल्या, कोणाच्या चिठ्ठीवर, सगळा हिशोब मागायला लागले. दुकानदारांनी सोपा मार्ग काढला. त्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. डॉक्टरांनीही. कोण कशासाठी आली आहे ते नीट विचारून ठरवण्यापेक्षा सगळ्यांनाच नाही म्हणणं सुरक्षित झालं. लिंगनिदान करणारा माणूस यंत्र गाडीत टाकून हिंडत राहिला. त्याच्याकडे जाणाऱ्यांना पत्ता ठाऊक होता. दार बंद झालं ते सरळ रस्त्याने येणाऱ्या बाईला.

५ जून २०२२

बीड तालुका. तिशीतली बाई, तीन मुली, चौथी खेप. बेकायदा गर्भपातानंतर रक्तस्राव थांबेना. जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत गेलेली. ज्यांना अटक झाली त्यांत एक अंगणवाडी सेविका होती. परळीला दहा वर्षं आणि अठरा दिवस झाले होते.

ऑगस्ट २०२२, एक सोमवार, सकाळी ७.५०

अंबाजोगाईचं बसस्टँड. मी आणि माझी मामेबहीण. तिला दोन मुली, सहा आणि तीन वर्षांच्या. तांबी बसवलेली असून दिवस गेले. नऊ आठवडे एक दिवस. तिला मूल नको आहे. मुलगा असो, मुलगी असो, नको आहे. धाकटी झाली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं.

नऊ आठवड्यांना सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसत नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. तिच्या बाजूने सगळं होतं.

९.१५

पहिला दवाखाना. केसपेपर. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलं किती?" ती म्हणाली, "दोन मुली." पेन थांबलं. "दोन्ही मुलीच?" मग आत जाऊन आल्या. "आमच्याकडे होत नाही."

१०.४०

दुसरा. "मिस्टरांना घेऊन या. त्यांची सही लागते." मी म्हटलं, "मॅडम, कायद्यात नाही लागत." त्या म्हणाल्या, "कायदा तुम्ही सांगू नका ताई, उद्या पोलिस आले तर आम्हाला बसवतील." त्यांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती.

दुपारी १२.२०

तिसरा. डॉक्टर सभ्य होते. बसायला सांगितलं, कागद पाहिले, तांबीची चिठ्ठी पाहिली. "तुमची केस खरी आहे, मला कळतंय. पण बीड जिल्हा आहे हा. दोन मुलीवाली बाई आणि गर्भपात, कागदावर कसं दिसतं?" मग त्यांनी तिला सांगितलं, "आठवडाभर थांबा. विचार करा. कधी कधी आपोआपही पडतं. वाट पाहू."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला गॉलवे माहीत नाही.

१.३५

औषधाची दुकानं. चार विचारली. तिघांनी मान हलवली. चौथ्याने आधी दाराबाहेर पाहिलं आणि मग मान हलवली.

२.१०

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. तिने चहा घेतला नाही. पिशवीतून डबा काढला. धाकटीसाठी केलेल्या गुळपोळ्या, सकाळी घाईत तिच्याच पिशवीत राहिलेल्या. अर्धी मला दिली, अर्धी परत गुंडाळून ठेवली. मग बोटांवर मोजायला लागली. नऊ आठवडे एक दिवस. पुढचा सोमवार म्हणजे दहा आणि एक. त्या आठवड्यात सासऱ्यांचं श्राद्ध. त्याच्या पुढचा म्हणजे अकरा. शेजारच्या जिल्ह्यात जायचं तर घरी काय सांगायचं, मुलींना कोणाकडे ठेवायचं, पैसे किती. एका बोटावर ती दोनदा आली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

२.४५

शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला, परत आला, आणि आमच्याजवळून जाताना हळू आवाजात म्हणाला, "बाई, तपासणीसकट करून देणारे आहेत. गाडी येते न्यायला."

आम्ही दवाखान्यांतून परत येतोय हे त्याने चपलांच्या धुळीवरून ओळखलं, की हातातल्या केसपेपरवरून, मला माहीत नाही. त्या दिवसात आम्हाला हो म्हणणारा तेवढा एकच माणूस भेटला.

३.०५

आम्ही उठलो. माझ्याकडे शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर होता, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून आलेला. फोन लावला. उचलला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: किती आठवडे, तब्येत कशी आहे, तुम्हाला स्वतःला काय हवंय. तिसऱ्या प्रश्नाला मामेबहिणीने फोन माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"गुरुवारी या. सकाळी नऊच्या आत."

संध्याकाळी ५.२०

घरी. सासूबाईंनी विचारलं, "इतका वेळ कुठं होता गं?" ती म्हणाली, "योगेश्वरीला ओटी भरायला गेलो होतो. रांग होती." मोठी मुलगी दारातून धावत आली आणि तिने पिशवीत हात घातला. अर्धी गुळपोळी निघाली.

गुरुवार यायला अजून तीन दिवस होते.